हत्तीच्या पावलातली शपथ

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. पण तिथला एक कायदा अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि तो होताच तसा. रानातला हत्ती मारायचा तर नुसता राजाचा हुकूम पुरत नसे. आधी पाग्याने, म्हणजे माग काढणाऱ्याने, हत्तीच्या उमटलेल्या पावलात हात ठेवून शपथ घ्यायची, "दोष याचा आहे." हत्तीला बिचाऱ्याला बोलता येत नाही, तेव्हा निदान एवढी तरी चौकशी व्हावी, असं कुणा शहाण्या पूर्वजाला वाटलं असावं.

त्या काळी गोमा हा तिथला पागी होता. वाळल्या पाल्यावरूनही माग काढील असा पक्का माणूस. एका वर्षी हत्तींनी डोंगराखालच्या त्याच्या गावात हैदोस घातला. उसाचे सगळे मळे तुडवले आणि गोमाचं घरही पाडलं. भिंत अंगावर येऊन त्याच्या बायकोचा पाय मोडला.

अख्खा कळप मारा, असा राजाने हुकूम काढला. गोमा तर रागाने पेटलेलाच होता. तो डोळे मिटून शपथ घेणार, अशी गावाची खात्री होती. शिकारी भाल्यांना धार लावून बसले.

पण पायाला बांबूच्या कामट्या बांधून पडलेली त्याची बायको म्हणाली, "शपथ घ्या, माझी ना नाही. पण आधी माग नीट बघून या. गेल्या साली एकच पट्टा मोडला होता, औंदा सगळं शिवार मोडलंय. असं का?"

गोमा मुकाट्याने निघाला. तीन दिवस मागावर हिंडला. पावलं कुठेच सरळ जात नव्हती. गोल फिरलेली, मागे वळलेली, जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरांसारखी. आणि सगळ्यांच्या पुढे असायचं ते टाचेला भेग पडलेलं मोठं पाऊल कुठेच नव्हतं.

असणार कुठून? गेल्या वर्षी गोमानेच त्यात हात ठेवला होता. "कळपाला उसात हीच आणते," म्हणून त्याने शपथ घेतली आणि म्हातारी हत्तीण मारली गेली. आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पलीकडच्या तळ्याकडे जाणारी हत्तींची जुनी वाट उसाखाली गेली होती. म्हातारी कळपाला त्या वाटेने सरळ पाण्यावर नेई, म्हणून एकच पट्टा मोडे. ती गेली आणि वाट ठाऊक असणारं कुणी उरलं नाही. गोमाला स्वतःची फार लाज वाटली.

चौथ्या दिवशी राजा मळ्याच्या बांधावर आला. सगळं गाव जमलं. शपथ खोटी ठरली तर पाग्याला राज्याबाहेर घालवत, हे गोमाला ठाऊक होतं. तरी तो ओल्या मातीत दोन पावलं चालला, वाकला आणि त्याने स्वतःच्याच पावलात हात ठेवला.

"दोष याचा आहे," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगून टाकलं.

 राजाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोमा, ही जमीन उसाला दिली कुणी?"

"आपणच, महाराज."

राजाने जोडे काढले. गोमाच्या पावलाशेजारी त्याने आपलं पाऊल उमटवलं आणि वाकून त्यात हात ठेवला. राजा असावा तर असा! "चूक आपणहून सांगणारा पागी मी हाकलला, तर माझ्यापाशी खोटं रेटणारेच उरतील," तो म्हणाला.

भाले घरी गेले. वाटेपुरता ऊस काढला, गावाने थोडी कुरकुर केली, पण काढला. मग गोमाने दोन्ही अंगांनी ढोल वाजवायला माणसं उभी केली आणि कळपाला एकदा तळ्यापर्यंत नेऊन सोडलं. पुढच्या वर्षी एक पोक्त हत्तीण पुढे चालत होती, कळप तिच्यामागे सरळ रेषेत. उसाचं एक कांडंही मोडलं नाही. गोमाची बायको काठी टेकत बांधावर उभी राहून ते बघत होती.

म्हणून सांगतो, मुक्या जिवाकडे बोट दाखवण्याआधी आपलं पाऊल कुठे पडलंय ते पाहावं.