कासारीण मावशीची पाचवी खेप

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलत असत आणि माणसं कधीकधी त्यांचं ऐकतही असत.

एका राजानं आपल्या राजधानीत आरोग्यशाळा बांधली होती. तिच्या दर्शनी भागात एक लांबरुंद ओसरी होती. ज्याचा जीव आता जातो की मग जातो अशी गत झाली असेल, त्याला सरळ तिथं न्यायचं. लोक तिला तातडीची ओसरी म्हणत. तिचा कारभार एका तरुण वैदिणीकडे होता. सात डोंगरांपलीकडच्या विद्यापीठात बारा वर्षं शिकून ती परत आली होती. आपल्या राज्यात उपचारावाचून कुणी मरता कामा नये, असा तिनं पणच केला होता.

तिच्या ओसरीवर एक म्हातारी कासारीण वरचेवर येऊ लागली. येऊ लागली म्हणजे आणली जाऊ लागली. शेजारच्या कुंभाराच्या गाढवावर आडवी टाकून. पाय केळीच्या खांबासारखे सुजलेले, ओठ निळे, छातीचा भाता झालेला. तिचं हृदय जुनं झालं होतं. अंगातलं पाणी पुढं ढकलणं त्याला झेपत नसे, आणि पोटात मीठ गेलं की पाणी आणखीच साचे. वैदीण जिवाचं रान करून ते पाणी उतरवी. चौथ्या दिवशी म्हातारी उठून बसे आणि ओसरीवरच्या बायकांच्या बांगड्यांना नावं ठेवू लागे. मग वैदीण समजे, आता हिला घरी धाडायला हरकत नाही.

निघताना वैदीण तिला एका दमात अकरा पथ्यं ऐकवी. मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही, काढा दोन्ही वेळा, पाय उंचावर, आणि असंच बरंच काही.

"कळलं ना मावशी?"

"कळलं गं बाई. किती गोड बोलतेस!"

आणि पंधराव्या दिवशी गाढव पुन्हा दारात.

चौथ्या खेपेला आरोग्यशाळेच्या थोरल्या वैद्यांनी मावशीची नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. मग बाहेर येऊन ते वैदिणीला म्हणाले, "या वेळी निभावलं. पण हृदय फार थकलंय. पुन्हा अशी वेळ आली, तर गाढव पोचेल, म्हातारी पोचायची नाही."

वैदीण आधी घाबरली. पाठोपाठ तिला राग आला. तिनं मावशीला गाठलं.

"खरं सांगा, पथ्य पाळता की मोडता?"

"पाळते की! एकटीच तर राहते. मोडायला घरात दुसरं आहे कोण?"

वैदीण पाय आपटत अंगणात आली. तिथं गाढव चारा खात होतं.

"चार वेळा वाचवलं मी हिला," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणखी काय करायचं माणसानं?"

"मला विचारता?" गाढव म्हणालं.

"तू गाढव आहेस."

"म्हणूनच म्हटलं. शहाण्यांना विचारून झालंय ना तुमचं?" गाढवानं तोंडातला घास संपवला. "बाई, इकडं येताना मी धावतो. परत जाताना सावकाश चालतो, आणि वेशीपासून पुढं माझ्या पाठीवर बरण्या चढतात. मावशी येते कशी, हे तुम्ही चारदा पाहिलंत. ती जाते कुठं, ते एकदा तरी बघा."

वैदिणीला ते झोंबलं. पण खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर तिच्या गावी निघाली.

वेशीवर अर्धं गाव उभं होतं. गावातल्या प्रत्येक लेकीसुनेच्या हातात मावशीनं बांगड्या भरल्या होत्या, त्यामुळे तिच्यावर प्रत्येक घराचा हक्क होता. शिवाय गावाची रीतच होती. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, ती गावानं आणून द्यायची.

"मावशी, हे कैरीचं लोणचं," पाटलीण पुढं झाली. "मऊ भाताबरोबर खा."

"कैरीचं कशाला? मावशीला लिंबाचं लागतं," तेलिणीनं तिला बाजूला सारलं.

"सरा गं दोघी," कुंभारीण म्हणाली. "आधी माझे सांडगे. मागच्या खेपेला माझे राहून गेले होते."

वैदिणीनं मावशीच्या कानात म्हटलं, "अहो, पथ्य!"

"पथ्य आहेच गं," मावशी हळूच म्हणाली. "पण पाटलिणीचं घेतलं आणि तेलिणीचं नाही घेतलं, तर तेलीण माझ्या मयतालासुद्धा यायची नाही."

वैदीण ताडताड चालत पारावर चढली. विद्यापीठात तिच्या भाषणांना दाद मिळत असे. देह म्हणजे एक नगर, हृदय म्हणजे त्या नगराचा पाणक्या, आणि मीठ म्हणजे त्याच्या खांद्यावरचं ओझं, असं ती घटकाभर बोलली. गावानं अगदी मनापासून ऐकलं. कुंभारणीनं तर डोळे पुसले.

"काय बोललीस गं पोरी!" ती म्हणाली. "मावशी, एवढं ऐकून दमली असशील. ही लोणच्याची फोड चघळ बघू. आणि वैदीणबाई, तुम्ही हा पापड घ्या."

वैदीण सकाळपासून उपाशी होती. तिनं पापड घेतला, खाल्ला आणि "छान झालाय" असंही म्हणाली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती चार दिवस तिथंच राहिली.

पहिले तीन दिवस मावशीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वैदीण दारात बसून बरण्या परत धाडत होती आणि लोक त्या मागच्या दारानं आत आणत होते. चौथ्या दिवशी मात्र विचारपूस करायला कुणीच फिरकलं नाही. मावशी उठून बसली म्हणजे बरी झाली, असं गाव समजलं होतं. त्याच दिवशी काढाही संपला. ओसरीवरून तीनच दिवसांचा मिळत असे.

"पुढचा आणायला कोण जातं?" वैदिणीनं विचारलं.

"कुणी नाही. मला एवढं चालवत नाही."

"मग निरोप धाडायचा!"

"परवाच तर तुम्हाला एवढा त्रास देऊन आले. लगेच पुन्हा काय तोंड दाखवायचं?" मावशी म्हणाली. "म्हटलं, अगदीच श्वास लागला की मग जावं."

वैदिणीनं मनातल्या मनात आपली पथ्यं मोजली. तिच्या अकरा पथ्यांत यातलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात सोनाराची सून बांगड्या भरायला आली. मावशीनं तिचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबला आणि सोडून दिला.

"आज नाही भरायच्या. हात फुगलाय तुझा. कालच्या पंगतीत पापडांवर ताव मारलास ना? परवा ये."

सून लाजून पळाली. वैदीण ताडकन उठली.

"मावशी! हात सुजला हे तुम्हाला नुसतं धरून कळतं?"

"चाळीस वर्षं हातच धरतेय मी."

"मग स्वतःचा का नाही धरत?"

"कासारणीनं आपल्याच हातात बांगड्या भरायच्या होय? त्या दुसरीनं भरायच्या असतात, बाई!"

वैदिणीनं त्याच दुपारी सगळ्या बायका गोळा केल्या. भाषण अगदी जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं. तिनं मावशीच्या पेटीतली एक पितळी बांगडी घेतली. मावशीच्या हाताची सूज उतरलेली असताना ती बेताची बसत होती.

"रोज सकाळी एका घरानं यायचं," ती म्हणाली. "जिची पाळी, तिनं ही बांगडी मावशीच्या हातात चढवून बघायची आणि समोर बसून काढा पाजायचा. काढा मी महिन्याचा धाडते. बांगडी सरकन गेली, तर ठीक. अडली, तर ती गाढवाच्या गळ्यात बांधून माझ्याकडे धाडा. मावशीला नको. नुसतं गाढव."

"आणि आमचं लोणचं?" पाटलिणीनं विचारलं.

"द्या की. पण ज्या घराच्या पाळीनंतर बांगडी अडेल, त्या घरच्या लोणच्यानं ती अडली, असं गाव म्हणेल. मी नाही म्हणणार हं. गाव म्हणेल."

पाटलिणीनं आपली बरणी हळूच पदराखाली घेतली. "तसं यंदा माझं लोणचं बिघडलंच आहे," ती म्हणाली.

पुढं गावात नवीच चढाओढ लागली. कुणी आलं-लिंबू घालून भाजी आणी, कुणी कोकमाचं सार. तेलीण पाणवठ्यावर मिरवू लागली, "माझ्या आमटीत मिठाचा कणही नसतो!" पूर्वी तिच्या आमटीबद्दल असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या.

दीड महिना बांगडी सुखानं चढत होती. एके सकाळी ती अडली. आदल्या दिवशीची पाळी पाटलिणीची. एकच गिल्ला झाला. पाटलीण कुलदैवताच्या शपथा घेऊ लागली. अखेर कुंभारणीनं मावशीची उशी उचलली. खाली तीन पापड होते.

"उंदरानं ठेवले असतील," मावशी म्हणाली.

"भाजून?" पाटलिणीनं विचारलं.

गाढव धावत सुटलं. तातडीच्या ओसरीवरून वैदिणीनं त्याला येताना पाहिलं. पाठ रिकामी होती. गाढव पोचलं होतं, म्हातारी पोचली नव्हती. स्वतःच ठरवलेली बांगडीची खूण विसरून वैदीण मटकन खाली बसली आणि तिला रडू कोसळलं.

"आधी गळ्यात बघा," गाढव धापा टाकत म्हणालं. "ती घरी बसून पाटलिणीशी भांडतेय."

वैदीण तशीच उठली आणि जास्तीचा काढा घेऊन त्याच गाढवावर बसून गावी गेली. मावशीला दम लागायच्या आतच पाणी उतरू लागलं. तिसऱ्या दिवशी बांगडी सरकन चढली.

वर्ष उलटलं. एके दिवशी मावशी काठी टेकत, थांबत थांबत, स्वतःच्या पायांनी तातडीच्या ओसरीवर आली. पहारेकऱ्यांनी तिला पाहिलं मात्र, दोघांनी उचलून खाटेवर टाकली, तिसऱ्यानं पायांखाली लोड सारला.

"अरे मेल्यांनो, सोडा! मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात, आजी," एक पहारेकरी म्हणाला आणि त्यानं तिचे हात घट्ट धरले.

वैदीण धावत आली. "मावशी! काय होतंय?"

"काही होत नाहीये," मावशी म्हणाली. "तेच सांगायला आले."

तातडीच्या ओसरीवर धडधाकट माणसाला बसवायला जागाच नव्हती. शेवटी पहारेकऱ्यानं आपली बसायची तिवई पुढं केली. मावशी तिच्यावर ऐटीत बसली आणि आलेल्या-गेलेल्याला सांगू लागली, की आपण इथं पाचव्यांदा आलो आहोत, पण या खेपेला औषध नको, चहूकडं बघायचं आहे. मागच्या चारही वेळा आत येताना डोळे मिटलेले होते, आणि मग खाटेवरून बायकांच्या बांगड्याच तेवढ्या दिसल्या.

त्या दिवसापासून ओसरीची रीत बदलली. जुनं दुखणं घेऊन आलेला माणूस घरी निघाला, की ओसरीवरचं कुणीतरी त्याच्याबरोबर जाई. त्याच्या चुलीपाशी बसून विचारी, की इथं रोज यांचा हात कोण धरणार? या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय सोबत गेलेलं माणूस परत फिरत नसे.

तात्पर्य : दुखणेकऱ्याला मरणाच्या तोंडातून ओढून आणणं हे अर्धंच काम, त्याला घरात नांदवणं हे उरलेलं अर्धं.