साहेबांचा ताप

वैजयंताच्या छपरावर गरम पाण्याची नवी टाकी बसली होती. उन्हानं तापलेलं पाणी टाकीतल्या बंद नळीतून फिरायचं आणि त्या नळीच्या उबेनं आंघोळीचं पाणी तापायचं. किती तापवायचं, ते एक सेन्सर ठरवायचा. पण कंपनीचे पाटणकरसाहेब टाकी साफ करून गेले आणि नळाला चटका देणारं पाणी येऊ लागलं. त्या सकाळी तिनं आधी कोपर बुडवून पाहिलं नसतं, तर पायावर घेतलेली तान्ही ओवी भाजलीच असती.

साहेबांना बोलावलं, तर त्यांनी खालूनच भिंतीवरच्या डबीत दिसणारा सेन्सरचा आकडा वाचला. "चाळीस! बाई, पाणी कोमटच आहे. यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हालाच भास होतात."

"वर चढून बघा ना, साहेब."

"काही गरज नाही."

वैजयंता वाद घालत बसली नाही. तिनं ओवीचा थर्मामीटर आणला, झटकला आणि साहेबांच्या शर्टाच्या खिशात खोचला. थोड्या वेळानं काढून पाहिला, तर पारा तळालाच.

"अगंबाई! साहेब, तुमच्यात तर धुगधुगीसुद्धा उरली नाही!"

"अहो, खिशात ठेवून ताप कळतो का? काखेत लावा तो!"

"तेच तर म्हणतेय मी. तुमचा सेन्सर काखेत आहे की खिशात, तेवढं बघून या."

साहेब शिडी चढले. टाकीत बसवायचा सेन्सर साफसफाईनंतर त्यांनीच बाहेर लोंबकळत ठेवला होता. तो हवाच मोजत होता आणि आतलं पाणी तापतच राहत होतं; साहेबांनी तो पुन्हा टाकीत बसवला.

दुसऱ्या दिवशी वैजयंतानं पुन्हा आधी कोपरच बुडवलं. पाणी बाळाजोगं होतं. मगच तिनं ओवीला पायावर घेतलं.