शंभराव्या दिवसाची खिचडी

एक होता पूल. पुलावरून गाड्या जायच्या. भुर्र भुर्र. पुलाखाली माणसं राहायची. त्यांना घर नव्हतं. गावात घरं पुष्कळ होती, पण ती दुसऱ्यांची होती.

तिसऱ्या खांबाशी हौसाआजी राहायची. एक चटई, एक गाडगं, एक काठी. झाला संसार. त्याच खांबाच्या भेगेत एक मुंगी राहायची. काळी, तिळाएवढी. तिच्याकडे तर काठीसुद्धा नव्हती.

रोज दुपारी खिचडी यायची. 'घासभर सेवा मंडळा'च्या कुमुदकाकू ती आणायच्या. सकाळी उठून डाळ-तांदूळ धुवायच्या. मोठ्या पातेल्यात शिजवायच्या. पातेलं रिक्षात घालून पुलाखाली यायच्या. मग ओगराळं बुडवायच्या आणि पत्रावळीत वाढायच्या. डुबुक, थप्प. डुबुक, थप्प.

हौसाआजी जेवायला बसायची. पहिलं शीत बाजूला काढायची. "हे माझ्या मुंगीचं," म्हणायची. मुंगी यायची. तुरु तुरु तुरु. शीत उचलायची, भेगेत न्यायची. ना भाषण, ना टाळ्या.

असे नव्व्याण्णव दिवस गेले. रोज सगळे पोटभर जेवले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग आला शंभरावा दिवस. शंभरावा म्हणजे मोठा दिवस. मोठ्या दिवशी कार्यक्रम असतो. आणि कार्यक्रम असला की जेवायला उशीर असतो.

मुंगी आली. तुरु तुरु तुरु. बघते तर काय, शीत नाही.

"आजी आजी, माझं शीत कुठाय?"

"बाई गं, पत्रावळच रिकामी आहे. काल दुपारपासून पोटात काही नाही माझ्या. खिचडी आलीय, ती काय तिथं. पण तिच्यावर झाकण आहे."

आजीच्या पोटात वाजलं. गुर्र गुर्र. मुंगीच्या पोटातही वाजलं. पण ते इतकं बारीक, की कोणाला ऐकू गेलं नाही.

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु. कुमुदकाकूंकडे गेली. काकू पातेल्यापाशी उभ्या होत्या. अंगावर नवी साडी. दोन्ही हात झाकणावर.

मुंगी म्हणाली,
"काकू काकू, झाकण काढा.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना.
पत्रावळ भरेना, आजी जेवेना.
आजी जेवेना, शीत मिळेना.
शीत मिळेना, मी खाऊ काय?"

काकू म्हणाल्या, "माझी ना नाही गं, मुंगीबाई. मीच तर शिजवलीय. पण मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलंय, आज फोटोआधी ओगराळं बुडवायचं नाही. आधी फोटो निघू दे."

काकूंनी आजीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर झाकण धरवलं नसतं.

खिचडी गरम होती.

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु. निनाददादाकडे गेली. निनाददादाच्या गळ्यात मोठा कॅमेरा. कॅमेऱ्याला मोठा डोळा. पण तो डोळा मिटलेला.

मुंगी म्हणाली,
"दादा दादा, फोटो काढा.
फोटो निघेना, झाकण उघडेना.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना.
पत्रावळ भरेना, आजी जेवेना.
आजी जेवेना, शीत मिळेना.
शीत मिळेना, मी खाऊ काय?"

निनाददादा म्हणाला, "माझी ना नाही गं, मुंगीबाई. बोट बटणावरच आहे. पण मागे बॅनर नको? बॅनर नसला तर नुसती भुकेली माणसं दिसतील. तो काय फोटो झाला? आधी बॅनर उलगडू दे."

खिचडीची वाफ गेली.

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु. बॅनरकडे गेली. बॅनर गुंडाळून खांबाला टेकवलेला. गुंडाळलेला असला, तरी ताठ.

मुंगी म्हणाली,
"बॅनर बॅनर, उलगड ना.
बॅनर उलगडेना, फोटो निघेना.
फोटो निघेना, झाकण उघडेना.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना.
पत्रावळ भरेना, आजी जेवेना.
आजी जेवेना, शीत मिळेना.
शीत मिळेना, मी खाऊ काय?"

बॅनर म्हणाला, "माझी ना नाही गं, मुंगीबाई. माझ्यावर बावीस चेहरे आहेत. बाविसांचेही हात जोडलेले. खिचडीचंसुद्धा चित्र होतं. पण चिटणीसांच्या मेव्हण्याला जागा हवी होती, म्हणून खिचडी काढून टाकली. आता मी उलगडणार तो पाहुण्यांच्या हाताने. आधी पाहुणे उतरू देत."

खिचडी कोमट झाली.

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु. पाहुण्यांकडे गेली. पाहुणे म्हणजे तात्यासाहेब. तात्यासाहेब पांढऱ्या गाडीत बसले होते. गाडी थंडगार. काचा बंद. मुंगी चाकावर चढली, दारावर चढली, फटीतून आत शिरली.

मुंगी म्हणाली,
"साहेब साहेब, खाली उतरा.
पाहुणे उतरेनात, बॅनर उलगडेना.
बॅनर उलगडेना, फोटो निघेना.
फोटो निघेना, झाकण उघडेना.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना.
पत्रावळ भरेना, आजी जेवेना.
आजी जेवेना, शीत मिळेना.
शीत मिळेना, मी खाऊ काय?"

तात्यासाहेब म्हणाले, "माझी ना नाही गं, मुंगीबाई. भुकेल्यांसाठीच आलोय मी. आणि मला मुळीच घाई नाही, दोनदा नाश्ता करून आलोय. पण गळ्यात हार नको? हाराशिवाय उतरलो तर लोक मला ओळखणार कसे? आधी हार होऊ दे."

एवढं बोलून तात्यासाहेबांनी ढेकर दिली. ढ्यॅक.

खिचडी गार झाली.

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु. आता ती दमली होती. चार पावलं चालायची, थांबायची. ना कोणाचीच नव्हती. शीत मात्र कुठेच नव्हतं.

मुंगी रज्जाकचाचांकडे गेली. रज्जाकचाचांची पुलाशेजारी फुलांची पाटी. पाटीत पिवळा झेंडू, पांढरी शेवंती.

मुंगी म्हणाली,
"चाचा चाचा, हार करा.
हार होईना, पाहुणे उतरेनात.
पाहुणे उतरेनात, बॅनर उलगडेना.
बॅनर उलगडेना, फोटो निघेना.
फोटो निघेना, झाकण उघडेना.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना.
पत्रावळ भरेना, आजी जेवेना.
आजी जेवेना, शीत मिळेना.
शीत मिळेना, मी खाऊ काय?"

रज्जाकचाचा म्हणाले, "माझी ना नाही गं, मुंगीबाई. फुलं माझी, दोरा माझा. पण मोठा हार मला जमत नाही. तो ओवते हौसाबाई. तिच्या हातासारखा हात गावात नाही. सकाळीच दिलीत तिला फुलं. पण आज तिचे हात थरथरतायत. सुईत दोरा जाईना. माझा चहा दिला तिला, पण चहाने काय होतंय? आधी तिला जेवू दे."

मुंगीने वळून पाहिलं. चटईवर हौसाआजी बसली होती. मांडीवर फुलं. एका हातात सुई, एका हातात दोरा. दोरा इकडे, सुई तिकडे. पुन्हा दोरा इकडे, सुई तिकडे.

मुंगीला फार वाईट वाटलं. आणि मग तिला फार राग आला. मुंगी छोटी होती, राग छोटा नव्हता. मुंग्यांमध्ये असं नसतं. साखर सापडली की मुंगी आधी सगळ्यांना बोलावते. हार मागत नाही.

मुंगी निघाली. तुरुतुरुतुरुतुरु. थेट पातेल्याकडे. चुलीवरून उतरलेलं पातेलं आता निवलं होतं, म्हणून मुंगीला वर चढता आलं. बघा, उशिराचाही कोणाला तरी उपयोग होतो. मुंगी चढली ती झाकणावर, कुमुदकाकूंच्या बोटांपाशी.

मुंगी म्हणाली,
"काकू काकू, झाकण काढा.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना.
पत्रावळ भरेना, आजी जेवेना.
आजी जेवेना, हार होईना.
हार होईना, पाहुणे उतरेनात.
पाहुणे उतरेनात, बॅनर उलगडेना.
बॅनर उलगडेना, फोटो निघेना.
फोटो निघेना, झाकण उघडेना.
झाकण उघडेना, पत्रावळ भरेना..."

"थांब गं," काकू म्हणाल्या. "हे तर पुन्हा तिथंच आलं."

"तिथंच येतं," मुंगी म्हणाली. "मी चालून बघितलंय. सहाही पाय दुखतायत माझे."

काकूंनी आजीकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच पाहिलं. दोरा इकडे, सुई तिकडे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण अध्यक्ष..." काकू म्हणाल्या.

मुंगी पुढे सरकली. काकूंच्या बोटाला चावली. चट्ट.

"आई गं," काकू म्हणाल्या. हात उडाला. झाकण उडालं. ठण्ण. घरंगळत गेलं. ठण ठण ठण ठण.

अध्यक्ष धावत आले. पोटावरून मंडळाचा पट्टा, छातीवर मंडळाचा बिल्ला. "कुमुदताई, अहो झाकण. अहो फोटो."

"मुंगी चावली," काकू म्हणाल्या. "मी तरी काय करू?"

मुंगी चावली होती एका बोटाला. उरलेल्या नऊ बोटांनी काकूंनी ओगराळं उचललं.

डुबुक, थप्प. डुबुक, थप्प. पहिली पत्रावळ हौसाआजीची.

आजीला फार भूक लागली होती. कालपासूनची भूक. तरी तिने घास घेतला नाही. आधी एक पिवळं शीत बाजूला काढलं. "हे माझ्या मुंगीचं," म्हणाली. मग जेवली.

झाकण उघडलं, पत्रावळ भरली.
पत्रावळ भरली, आजी जेवली.
आजी जेवली, हार झाला. सुळुक सुळुक, सुईत दोरा, दोऱ्यात झेंडू.
हार झाला, पाहुणे उतरले.
पाहुणे उतरले, बॅनर उलगडला. फड फड फड.

आता फोटो. तात्यासाहेबांनी ओगराळं हातात घेतलं, हसले आणि पातेल्यात बुडवलं.

खर्रर्र.

पातेलं रिकामं होतं. सगळे जेवून बसले होते. दोघंतिघं तर झोपले होते.

"असू दे, असू दे," अध्यक्ष म्हणाले. "पत्रावळी पुढे धरा सगळ्यांनी. जरा भुकेल्यासारखं बघा."

"पोट भरलंय हो," हौसाआजी म्हणाली. "आता तसं बघायला जमायचं नाही."

निनाददादाने फोटो काढला. खटॅक.

तो फोटो मंडळात लावलाय. कधी गेलात तर नीट बघा. मागे बावीस चेहरे. पुढे तात्यासाहेब, त्यांच्या हातात रिकामं ओगराळं. सगळे कसे हसतायत. आणि खाली, अगदी कोपऱ्यात, एक काळा ठिपका. त्याच्या डोक्यावर एक पिवळा ठिपका. फोटोत काम करताना तेवढा एकच जण दिसतो.

पाहुणे गेले. अध्यक्ष गेले. टाळ्या संपल्या. बॅनर तिथंच राहिला. कार्यक्रम झाल्यावर बॅनर कोण नेतं?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकशे एकाव्या दिवशी, कुमुदकाकू आल्या. जुनी साडी. ना हार, ना पाहुणे. खिचडी गरम. डुबुक, थप्प.

दुपारी खांबांमधून तिरपं ऊन यायचं. आजीच्या डोळ्यांवर पडायचं. आजीने काय केलं? बॅनर उचलला आणि दोन खांबांना बांधला. सावली झाली. सावलीत आजी जेवली, मुंगीने शीत नेलं.

बाविसांचे बावीस आता दिवसभर उन्हात उभे असतात. बाविसांचेही हात जोडलेले. सेवा करतात बिचारे.

शीत गेलं भेगेत, खिचडी गेली पोटात, गोष्ट आली तुमच्या कानात. आता जेवा बघू, आणि पहिलं शीत बाजूला ठेवा.