पालथं फुलपात्र

"त्याच्यात असं काय आहे, बुवा, जे माझ्यात नाही?"

भुजंगबुवा मठाच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाच्यात?"

"हैबतीच्या."

म्हणजे एवढं सगळं त्या हैबतीवरून चाललं होतं.

हैबती लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एक दिवस त्याने वाद्य खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरच्यांनी वाट पाहिली, मग मठात आणून सोडला. तेव्हापासून बुवा दर पंधरवड्याला त्याला घेऊन एसटीने तालुक्याला जात, मनाच्या डॉक्टरांकडे.

विचारणारा होता त्र्यंबक, मठातला सगळ्यात जुना शिष्य. किल्ल्या त्याच्या कमरेला, प्रवचन त्याच्या तोंडी. बुवांच्या मागे गादीवर तोच, असं गावही म्हणे. आणि हा माणूस जळत होता. आडपडदा कशाला ठेवायचा? हैबती बुवांशेजारी बसलेला दिसला की त्याला घास गोड लागत नसे.

"मला कधी एसटीने कुठे नेलंत?"

"तू कधी म्हणालास, न्या म्हणून?"

"मला गरजच पडली नाही. इतक्या वर्षांत माझं फुलपात्र एकदाही पालथं झालेलं नाही."

ती त्या मठाची रीत. पंगतीत बसल्यावर ज्याच्या जिवाला बरं वाटत नसेल, त्याने पाण्याचं फुलपात्र पालथं ठेवायचं. का, कशासाठी, कुणी विचारत नाही. कुणीतरी आपलं ताट उचलतं आणि त्याच्या शेजारी येऊन जेवतं. एवढंच.

बाकीचे अधूनमधून ठेवत. त्र्यंबकचं मात्र कायम सुलटं, काठोकाठ भरलेलं. यालाच तो आपली साधना समजे. शिवाय कुणाचं पालथं आहे हे पंगतीत सगळ्यांआधी त्यालाच दिसे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, त्यातली गत.

"बरं आहे मग," बुवा म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले...

दुपारी पंगत बसली. हैबतीचं फुलपात्र नेहमीप्रमाणे पालथं. बुवा नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी.

त्र्यंबकने एकवार तिकडे पाहिलं आणि आपलं भरलेलं फुलपात्र उलटं केलं. पाणी ताटाखालून वाहत गेलं. वाढणारा जागीच थांबला.

बुवांनीही पाहिलं... आणि भात कालवत राहिले.

उठला तो हैबती. ताट दोन्ही हातांनी धरून, भिंतीच्या कडेकडेने तो आला आणि त्र्यंबकच्या शेजारी बसला.

"तुला कुणी बोलावलं?" त्र्यंबक दातओठ खात म्हणाला.

"कुणी नाही, अण्णा. आज उठता आलं, म्हणून आलो."

"मला काही झालेलं नाही."

हैबतीने मान हलवली. दोन घास खाल्ले. मग हळूच म्हणाला, "झोप लागते का?"

त्र्यंबक काहीतरी लागेलसं बोलणार होता. ते तोंडातून निघालंच नाही. रोज इतकी माणसं मठात येऊन त्याला आपली दुःखं सांगून जात, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"नाही लागत," तो म्हणाला. "तू यायच्या आधीपासून."

...

मग मठातला सगळ्यात जुना शिष्य सगळ्यांदेखत रडला. हैबती सावकाश जेवत राहिला आणि जागचा हलला नाही.

उष्टी काढून झाल्यावर त्र्यंबक ओट्यावर आला. डोळे सुजलेले, राग मात्र शाबूत.

"ते मी तुमच्यासाठी पालथं ठेवलं होतं. तुम्ही का आला नाहीत?"

बुवा शेंगांची सालं गोळा करत राहिले.

"त्याला डॉक्टरकडे नेता. त्याच्याजवळ रोज जेवता. आणि मी बोलावलं, तर त्यालाच पाठवता."

"मी नाही पाठवलं."

बुवांनी उपरण्याची गाठ सोडली. आत गोळ्यांची पट्टी होती, अर्धी संपलेली. त्यांनी एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर तांब्यातलं पाणी प्यायले.

त्र्यंबक बघतच राहिला. "हैबतीची गोळी तुम्ही का...?"

"माझी आहे."



"पण... न्यायचात तर तुम्ही त्याला."

"एसटीपर्यंत. दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसून राहायचो. एकदा तो तपासून घेऊन बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि हाताला धरून मला आत घेऊन गेला."

त्र्यंबक पायरीवर बसला. जळणं काही थांबलं नव्हतं. उलट आता वाटलं, हे दोघे एकत्र कुठेतरी पुढे निघून गेले आणि आपण किल्ल्या सांभाळत इथेच राहिलो. पण या वेळी त्याचा आवाज खाली आला.

"मग मला कोण नेणार, बुवा?"

बुवांनी उपरण्याची गाठ पुन्हा मारली.

"जेवताना तुझ्याजवळ कोण येऊन बसलं?"