राजवाड्यातलं विरजण

खूप जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्या राज्यात एका डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची वाडी होती. घरं थोडकी, पण प्रत्येक गवळ्याच्या घराला गोठा, आणि गोठ्यात निदान एक तरी गाय.

या वाडीची एक रीत होती. कुणाकडचं विरजण संपलं, की त्या घरची बाई दिवेलागणीच्या आधी हातात रिकामं बोळकं घेऊन शेजारी जायची. शेजारीण त्यात पळीभर दही घालायची. त्याबद्दल कुणी काही मागत नसे, कुणी काही देत नसे. दोन घरांत भांडण असलं, अगदी बोलणं बंद असलं, तरी विरजणाला नाही म्हणायचं नाही. तोंड फिरवून का होईना, पळीभर दही घालायचंच. आणि गंमत अशी, की दार उघडलं की बोलणंही निघायचं. मग दोघी उंबऱ्यावरच बसायच्या, आणि आत चुलीवर दूध उतू जायचं.

या वाडीत सगुणा नावाची एक बाई होती. बोलायला फटकळ, कामाला वाघीण, आणि मनानं चांगली. तिच्या गोठ्यात एक गाय आणि दोन कालवडी होत्या. तिच्या शेजारी राहायची चिमा. चिमाचा नवरा वारलेला, पदरात दोन लहान लेकरं. चिमाची गाय म्हातारी झाली होती आणि दूध कमी कमी होत चाललं होतं. तिची सगळी भिस्त होती एका कालवडीवर. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली. पुढच्या वर्षी टिकली व्याली, की चिमाच्या घरची काळजी मिटणार होती. चिमा स्वतः उपाशी राहील, पण टिकलीला ओला चारा मिळालाच पाहिजे, अशी तिची माया.

एक दिवस वाडीत एक शेटजी आला. अंगावर जरीचा शेला, बोटांत अंगठ्या, आणि बोलणं असं गोड, की ऐकणाऱ्याला आपलं घरदार आठवू नये. देवळापुढच्या पारावर त्यानं बैठक मांडली आणि चांदीची डबी उघडली. आत दही होतं.

"हे राजवाड्यातलं विरजण," तो म्हणाला. "खुद्द राजाच्या ताटातलं. चाखून तर बघा."

सगळ्यांनी चाखलं. दही खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोला. घट्ट, गोडसर, आंबटाचा नावालाही वास नाही.

मग शेटजीनं आपली योजना सांगितली. ज्या घराला हे विरजण हवं, त्यानं एक कालवड त्याला द्यायची. ती राजाच्या कुरणात जाणार. मग त्या घरानं आपल्या हाताखाली आणखी दोन घरं आणायची. हाताखालच्या घरानं दर बाजाराच्या दिवशी वरच्या घराला एक लोटा तूप पोचवायचं. त्या दोन घरांनी पुन्हा दोन दोन घरं आणायची, आणि असंच पुढं.

"तुम्ही एक लोटा द्याल आणि दोन घ्याल," शेटजी हसत म्हणाला. "विरजण कसं वाढतं? पळीभर दह्यानं हंडा विरजतो, त्या हंड्यातल्या पळीभरानं दुसरा. त्याला कधी अंत असतो का? हेही तसंच. पुढं पुढं तर तुम्हाला गोठ्यात पाऊलही टाकायला नको."

इथंच वाडीचं चुकलं. लोहारांच्या गावात हे चाललं नसतं. त्यांनी विचारलं असतं, एवढं लोखंड आणायचं कुठून? पण गवळ्यांनी विरजणाची ही करामत जन्मभर डोळ्यांनी पाहिली होती. रोज एका भांड्यातून दुसरं भांडं विरजताना ते पाहत होते. त्यामुळं सगळ्यांनी माना डोलावल्या.

सगुणाचा नवरा तेवढा म्हणाला, "मला नाही पटत. विकणारा म्हणजे लुबाडणाराच."

आता हेही काही खरं नव्हतं. वाडीतल्या बाया पिढ्यान् पिढ्या बाजारात तूप विकतच होत्या की, आणि त्यात कुणाचं वाईट झालं नव्हतं. त्यानं शांतपणे विचारायला हवं होतं, की बाबा, हे तूप शेवटी येणार कुणाच्या घरून? ते न विचारता त्यानं नुसतं नाक मुरडलं. सगुणाला वाटलं, याला काही कळत नाही. तिनं दोन कालवडींतली एक सोडली आणि वाडीत पहिलं विरजण घेतलं.

पहिलं तिनं आपल्या जावेला हाताखाली घेतलं. दुसऱ्या घरासाठी ती गेली चिमाकडं.

"आक्का, माझ्याकडं टिकलीशिवाय आहे काय?" चिमा म्हणाली.

"म्हणून तर म्हणते. एक टिकली देशील आणि जन्माची ददात मिटेल."

"मला तुझ्यासारखं बोलता येत नाही गं. माझ्या हाताखाली कोण येईल?"

"त्यात बोलायचं काय असतं? मी आहे ना तुझ्या पाठीशी. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

विश्वास होता, तोच नडला. चिमानं टिकलीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिला गुळाचा खडा भरवला आणि दावं शेटजीच्या माणसाच्या हातात दिलं. टिकली वळून वळून बघत होती. चिमा मात्र घरात जाऊन बसली, कारण तिला ते बघवेना.

सगुणाचं बस्तान लवकर बसलं. जावेनं आपल्या बहिणी आणल्या, बहिणींनी नणंदा. बाजाराचा दिवस आला, की सगुणाच्या ओट्यावर तुपाचे लोटे येऊ लागले. शेटजीनं सगळ्यांसमोर तिला शेला पांघरला. "ही बघा मेहनतीची कमाई," तो म्हणाला. "जिद्द असली की माणूस वर जातोच. जो खाली राहतो, तो आळशी असतो, एवढंच."

सगुणाला ते मनापासून पटलं. आपण पहिल्या आलो म्हणून वर आहोत, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. तिला वाटलं, हे आपल्या अंगच्या गुणांनी झालं. पारावर बसून ती इतर बायांना, चिमालाही, आळस सोडा असा उपदेश करायला लागली. चिमा मागच्या बाजूला बसून खाली मान घालून ऐकायची.

चिमाच्या हाताखाली काही कुणी येईना. ती बिचारी दारोदार जायची. पण तोवर वाडीचं वेगळंच होऊन बसलं होतं. हातात बोळकं घेऊन कुणी बाई येताना दिसली, की लोक दार लोटून घ्यायचे. ही विरजण मागायला आली की आपल्याला हाताखाली घ्यायला आली, कुणास ठाऊक! ज्या उंबऱ्यांवर गप्पा रंगायच्या, तिथं आता कडी लागायची. सख्ख्या बहिणी एकमेकींना टाळू लागल्या. फार वाईट दिवस आले होते वाडीला.

एका बाजाराच्या दिवशी चिमाचा लोटा आलाच नाही. सगुणा तणतणत तिच्या घरी गेली. आत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली. चिमाची लेकरं भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून खात होती. गवळ्याच्या घरात, आणि ताकाचा थेंब नाही. कोपऱ्यात चिमा लोण्याचं भांडं बोटानं निपटून काढत होती.

सगुणाला पाहून ती घाईघाईनं उठली. तिनं अर्धा भरलेला लोटा पुढं केला.

"आक्का, आज एवढंच निघालं. गाय आटत आलीय. रागावू नकोस. शेटजी म्हणतात ते खरंच असेल. माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी लई प्रयत्न करते, पण मला जमतच नाही. मी आळशीच असेन."

ही बाई पहाटे सगळ्या वाडीच्या आधी उठायची, हे तिच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या सगुणाइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं लोटा घेतला नाही. ती एवढंच म्हणाली, "थांब. उद्या मी स्वतः तुला दोन घरं आणून देते."

दुसऱ्या दिवशी विरजणाचं बोळकं घेऊन सगुणा निघाली. तिच्या जिभेपुढं कोण टिकणार, असा तिचा तोरा. पहिल्या घरी गेली, ते घर आधीच जावेच्या हाताखाली. दुसरं घर जावेच्या बहिणीच्या. तिसऱ्या घरातल्या म्हातारीनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "बरी आलीस, तूच माझ्या हाताखाली ये की." वाडीच्या टोकाला कुंभाराचं घर होतं. त्याच्याकडं गाय नव्हती, म्हणून सगुणाला आशा वाटली. कुंभार ओशाळून म्हणाला, "बाई, माझी शेळी घेऊन शेटजीनं मलाही यात घेतलंय."

वाडी संपली. हाताखाली घ्यायला माणूस उरलं नव्हतं.

"खिंडीपलीकडं दुसरं गाव आहे की," सगुणा मनाशी म्हणाली आणि पदर खोचून चढणीला लागली. खिंडीत पाण्याचा झरा होता. तिथं तिला चार बाया भेटल्या. दमलेल्या, घामाघूम झालेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात बोळकं.

"कुठं निघालात?" सगुणानं विचारलं.

"खाली गवळ्यांच्या वाडीत. राजवाड्यातलं विरजण घेऊन. आमच्या गावात आता घर उरलं नाही ना. तुम्ही कुठं?"

सगुणानं आपलं बोळकं दाखवलं.

पाचही जणी झऱ्याकाठी मटकन खाली बसल्या. आधी एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. हसता हसता त्यांतली सगळ्यात थोरली बाई रडायला लागली. तिनं आपल्या माहेरच्या माणसांना यात ओढलं होतं, आणि आता तिला माहेरी जायला तोंड राहिलं नव्हतं.

"शेटजीला विचारू या," एक म्हणाली.

"कुठला शेटजी? तो परवाच आमच्या कालवडी हाकून घेऊन गेला."

"आमच्याही नेल्या," सगुणा म्हणाली. "राजाच्या कुरणात सोडून येतो म्हणाला."

झऱ्याचं पाणी वाहत होतं, आणि सगुणाला एकदम सगळं लख्ख दिसलं. विरजण घरोघर जातं हे खरं, पण ते दूध करत नाही. दूध ज्याचं त्याच्या गाईचं. आपल्या ओट्यावर आलेलं तूप कुठल्या राजवाड्यातून आलं नव्हतं, ते खालच्या घरांतल्या लेकरांच्या तोंडचं होतं. घरं संपणार होतीच. कुणीतरी सगळ्यात खाली राहणार होतंच. आणि तिथं आपण आपल्या हातानं चिमाला नेऊन बसवलं होतं. वर तिला आळशीही म्हटलं होतं.

ती आली तशी परत फिरली. घरी न थांबता गोठ्यात गेली. उरलेली एकुलती एक कालवड तिनं सोडली. नवरा दारात उभा होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं नाही, हे त्याचं शहाणपण. त्यानं चाऱ्याची पेंढी उचलली आणि तिच्या मागोमाग निघाला.

चिमा अंगणात शेणी थापत होती. कालवड पाहून ती गोंधळली.

"मला नाही मिळाली घरं," सगुणा म्हणाली. "मला. एकही नाही. वाडीत उरलेलीच नाहीत, खिंडीपलीकडंही नाहीत. मी तुझ्या जागी असते, तर मलाही जमलं नसतं. तुझी काही चूक नव्हती, चिमे. चूक माझी होती. तुझ्या लेकरांचं तूप मी खाल्लं."

चिमा शेणानं भरलेले हात तसेच धरून उभी राहिली. मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "मग आक्का, मी आळशी नाही?"

"नाही गं बाई. तू नाहीस."

चिमा खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. टिकली गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. कालवडीचं दावं सगुणानं तिच्या गोठ्यात बांधलं, आणि घरात होतं नव्हतं ते तूप तिच्या फडताळात नेऊन ठेवलं. चिमा नको नको म्हणत राहिली, पण सगुणानं ऐकलं नाही.

पुढं काय झालं म्हणाल, तर शेटजी परत आला नाही. कालवडीही आल्या नाहीत. सगुणा घरोघर गेली आणि तोच हिशेब सगळ्यांना समजावून सांगितला. काहींनी आपल्याकडचं तूप खालच्या घरांना परत दिलं, काहींनी शेवटपर्यंत दिलं नाही. पुढची काही वर्षं वाडीतल्या लेकरांनी पाणचट ताकावर काढली, कारण गोठ्यांत नव्या गाई तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. पण त्या दिवसापासून चिमाची मान कुणापुढं खाली गेली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: खालच्याचं भांडं रिकामं केल्याशिवाय जिथं वरच्याचं भरत नाही, तिथं खाली राहणाऱ्याला आळशी म्हणू नये.