शेठसाठी एक बटाटा

खाडीकाठच्या गावात हरेश्वरशेठचं वर्कशॉप म्हणजे मोठं प्रस्थ. पण हल्ली होड्यांची सुकाणू काय नि ट्रॅक्टरचे नांगर काय, सगळं वेल्डिंगला द्वारका पावशेच्या परसात जायचं. शेठचा नुसता जळफळाट व्हायचा. ही बाई असं करते तरी काय, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी ग्रामसभेत तो उभा राहिला. "परसातलं वेल्डिंग बंद करा! आठवडाभर माझ्याकडे एक ठिणगी उडाली नाही. आणि हिचं काम सगळं कच्चं!"

"तुम्ही पाहिलंत?" सरपंचांनी विचारलं.

"मी? तिच्या परसाकडे ढुंकूनही बघत नाही!" शेठ गरजला आणि रुमालाने लालभडक डोळे टिपू लागला. सकाळपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं.

द्वारकाने बाजाराच्या पिशवीतून एक बटाटा काढून त्याच्या हातात ठेवला.

"शेठ, याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवा. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघितला की आम्ही हेच करतो. आणि आज कुंपणाआड उभे राहू नका, सरळ आत या. बघणाऱ्यांसाठी काळी काच ठेवलीय."

सभा खदखदून हसली. शेठने बटाटा खिशात घातला.