रांजणाचं झाकण

खूप पूर्वी, राज्यांना अजून नावं पडायची होती तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याची गुरं शेजारचा राजा वरचेवर पळवून नेई. प्रजा चिडलेली होती. पण त्या शेजाऱ्याच्या टेकडीत एक काळा दगडी रांजण होता, आणि त्या टेकडीवरून पाखरं उडत नसत.

रांजणाचं झाकण मागे एकदाच, बोटभर सरकलं होतं. त्यानंतर पायथ्याच्या गावात जे मोजके लोक जाऊन आले, त्यांत दरबारातले वृद्ध शास्त्रीबुवा होते. तेव्हा ते तरुण होते. चुलींवर भात तसाच होता, दारं सताड उघडी होती, माणूस एकही नव्हतं. त्यांनी हाक मारली, तर स्वतःची हाक त्यांना स्वतःलाच ऐकू आली नाही.

आता दरबारात चढाईचा खल चालला होता. बाहेर नगारे वाजत होते. तिथली रीत अशी, की सल्ला देणाऱ्याने बेलभंडारा उचलून शपथेवर आपली खात्री सांगायची. ज्याला खात्री नाही, त्याने गप्प बसायचं.

सेनापतीने बेलभंडारा उचलला. "तो राजा रांजण उघडणार नाही. त्याचीही लेकरंबाळं तिथंच आहेत." मग हसून म्हणाला, "शास्त्रीबुवांना मात्र विचारू नका. आपण जेवलो की नाही, याचीही त्यांना शंका असते."

दरबार हसला. शास्त्रीबुवा मनाशी तेच घोळवत होते. उघडेल की नाही? इतकी पोथ्यापुराणं वाचूनही त्यांना उत्तर सापडलं नव्हतं. पण ते गाव आठवलं, आणि त्यांनी बेलभंडारा उचलला.

"मला माहीत नाही, एवढंच खात्रीने सांगतो. महाराज, त्याची लेकरं तिथं आहेत, तशी आपलीही इथं आहेत. तरी आपण निघालोच ना?"

राजाने नगारे थांबवायला सांगितले.

त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. दूर टेकडीकडे दगडावर दगड घासत होता, अगदी सावकाश. थोड्या वेळाने तोही आवाज थांबला. झाकण होतं की नुसता वारा, कुणालाच सांगता आलं नाही.

गुरांचा तंटा बोलणी करून मिटवण्यात वर्षं गेली. निम्मी गुरं परत आलीच नाहीत. सेनापती जन्मभर शास्त्रीबुवांना भित्रा म्हणत राहिला, आणि म्हातारा होऊन, नातवंडांच्या गराड्यात वारला. आपलं बरोबर होतं की चूक, हे शास्त्रीबुवांना शेवटपर्यंत कळलं नाही.

जी चूक सुधारायला मागे कुणीच उरणार नाही, ती टाळायला एका माणसाची शंकाही पुरेशी मानावी.